28.8 चा मोडेम आणि एसटीएम-16: भागाकार सोपा, पण भागायचं कशाला?

डायल-अपच्या काळातला, फोनच्या लाइनवर चालणारा 28.8 किलोबिटचा मोडेम आणि ऑप्टिकल नेटवर्कमधली, म्हणजे फायबरवरची, एसटीएम-16 लिंक, दोघांचाही वेग एकाच मापात सांगतात: सेकंदाला किती बिट. त्यामुळे रूपांतर म्हणजे नुसता भागाकार. एसटीएम-16 चा वेग 2488.32 मेगाबिट. त्याला 28.8 किलोबिटने भागलं की बरोब्बर 86,400 येतात, आणि दिवसाचे सेकंदही तितकेच. म्हणजे मोडेमने चोवीस तास, लाइन एकदाही न तुटता, जेवढं ओढलं असतं तेवढं ही लिंक एका सेकंदात पोचवते. ज्यांनी रात्र रात्र जागून एकेक फाइल उतरवली आहे त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

ऑप्टिकल लिंकच्या वेगाच्या बाकीच्या पायऱ्याही अशाच सुटसुटीत. 51.84 मेगाबिटची ओसी-1 म्हणजे मोडेमचा अर्धा तास, 155.52 ची ओसी-3 म्हणजे दीड तास, 622.08 ची ओसी-12 म्हणजे सहा तास, आणि 9953.28 ची ओसी-192 म्हणजे चार दिवस. ओसी हे अमेरिकेकडचं नाव, आपल्याकडे एसटीएम चालतं. ओसीच्या आकड्याला तीनने भागलं की एसटीएमचा आकडा मिळतो: ओसी-3 म्हणजे एसटीएम-1, ओसी-48 म्हणजे एसटीएम-16. हे विसरलं की उत्तर थेट तिप्पट चुकतं. आणि इथला किलो हजाराचाच, 1024 चा नव्हे.

बडोद्यात आता घरोघरी फायबर आलंय. ते जीपॉन प्रकारचं, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं जोडणारं, असेल तर त्याचा घराकडे येणारा वेगही हाच, 2488.32 मेगाबिट, आणि घरून जाणारा त्याच्या निम्मा. फक्त तो एका घराचा नसतो. फायबरला फाटे फोडणाऱ्या स्प्लिटरवर जेवढी घरं असतील तेवढ्यांत तो वाटला जातो.

कलाभवनात इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा परवा वही घेऊन दांडिया बाजारात आमच्याकडे आला. "मामा, एसटीएम-1 ला 28.8 ने भागलं की पूर्ण 5400 येतात. मग 56 च्या मोडेमने भागल्यावर 2777.14 असं तुटकं का?" प्रश्न फार चांगला होता. मी त्याला अवयव पाडायला लावले. एसटीएम-1 ची एक फ्रेम, म्हणजे एका खेपेला जाणारा बिटांचा तक्ता: 9 ओळी, 270 रकाने, प्रत्येक घरात 8 बिट, आणि अशा फ्रेम सेकंदाला 8000. या सगळ्यांत 2, 3 आणि 5 एवढेच मूळ अवयव. 56 किलोबिट मात्र 7 बिट गुणिले 8000 असे बनतात. तो 7 वरच्या संख्येत कुठेच नाही, म्हणून भाग जात नाही. 33.6 च्या मोडेमच्या वेगातही 7 लपलेला आहे, तिथेही तीच गत. गंमत म्हणजे 8000 दोन्हीकडे आहे, कारण एकच: टेलिफोनवर आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि दोन्ही यंत्रणा त्याच मापावर बेतलेल्या आहेत.

बिट आणि बॉड यांच्यात होणारा घोळ थोडक्यात: बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा सिग्नल बदलतो. 28.8 चा मोडेम 3200 बॉडवर, दर बदलाला 9 बिट घेऊन चालतो. त्याला 28,800 बॉडचा म्हणणं चूक. फाइलच्या हिशेबाला 8 ने भागा, सेकंदाला 3.6 किलोबाइट.

खरी मेख पुढे आहे. "एसटीएम-1 वर 28.8 चे किती मोडेम मावतील?" याला 5400 हे उत्तर फक्त लाइनच्या वेगाचं झालं. फ्रेममधले काही रकाने देखरेखीच्या माहितीत जातात. ते वजा केले की प्रत्यक्ष मालाला 149.76 मेगाबिट उरतात, म्हणजे 5200 मोडेम. पण मोडेमचे फोन कॉलच्या रूपातच न्यायचे असतील तर हाही आकडा चालत नाही. एक्स्चेंज प्रत्येक कॉलला 64 किलोबिटचा पूर्ण चॅनेल देतं, टोकाला 9.6 चा मोडेम असो की 56 चा. एसटीएम-1 मध्ये 63 ई-1, म्हणजे कॉल एकत्र नेणारे गठ्ठे, प्रत्येकात 30 कॉल. झाले 1890.

भाच्याच्या वहीत मी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून दिले, शेजारी प्रत्येकाचा प्रश्नही: लाइनचा वेग किती पट, 5400. मोडेममधून सुटलेला डेटा किती जणांचा मावेल, जास्तीत जास्त 5200, आणि डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर पत्त्यासारखी माहिती (हेडर) लागते त्यामुळे त्याहून कमीच. एका वेळी किती जणांचे कॉल जातील, 1890.