कप जिंकला म्हणजेच सर्वात भारी टीम? एलो रेटिंग काय सांगतं

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या टीमने वर्ल्ड कप उचलला आणि तेव्हापासून ठाण्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद पेटलाय तो काही विझत नाही. भारताची आजवरची सर्वात भारी टीम कोणती? कोणी ८३ म्हणतं, कोणी २०११, आणि वरच्या मजल्यावरचे काका ध्यानचंदच्या हॉकी टीमच्या खाली यायलाच तयार नाहीत. वाद घाला की, मजा येते. पण त्यात दोन वाक्यं सारखी येतात. एक म्हणजे "पोरी लीगमध्ये ओळीने तीन मॅच हरल्या होत्या, नशिबाने कप मिळाला", आणि दुसरं २०२३ च्या पुरुषांच्या टीमबद्दल, "फायनलला माती खाल्ली, कसली ग्रेट टीम". दोन्हींत गडबड एकच आहे, चार-दोन मॅचच्या निकालावरून ताकद ठरवलीय.

आता आकडे बघा. २०२३ ला रोहितची टीम सलग १० मॅच जिंकली आणि ११वी, म्हणजे अहमदाबादची फायनल, ऑस्ट्रेलियाकडून हरली. २०२५ ला मुलींनी लीगमध्ये ३ जिंकल्या, ३ हरल्या, बांगलादेशची मॅच इथेच नवी मुंबईत पावसात वाहून गेली, चौथ्या नंबरवरून सेमीत आल्या आणि समोर तोपर्यंत एकही मॅच न हरलेली ऑस्ट्रेलिया. ३३९ चं टार्गेट, जेमिमा नाबाद १२७. ती ८२ वर असताना अलिसा हिलीच्या हातून तिचा कॅच सुटला होता. तो पकडला असता तर? याला नशीब म्हणा, पण मग ८३ ला कपिलने मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा कॅच घेतला तो सुटला असता तर, हाही प्रश्न विचारा. एका मॅचमध्ये असे चार-दोन क्षण असतातच आणि म्हणूनच एका मॅचवरून ताकद मोजता येत नाही.

साधं गणित करू. समजा एखादी टीम एवढी भारी आहे की समोर कोणीही असो, १०० पैकी ७६ वेळा तीच जिंकणार. तिला सेमी आणि फायनल दोन्ही जिंकायच्या आहेत, तर ०.७६ गुणिले ०.७६, म्हणजे साधारण ५८ टक्के. एवढी जबरदस्त टीम, तरी १०० पैकी ४२ वेळा कप दुसऱ्याच्या घरी जाणार! त्यात कोणी घाबरलं नाही, कोणी चोक झालं नाही, फक्त गुणाकार झाला.

मग ताकद मोजायची कशी? इथे मला ज्याच्याबद्दल कितीही बोललं तरी कमीच वाटतं तो माणूस येतो, आर्पाद एलो. हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत मिलवॉकीला फिजिक्सचा प्रोफेसर आणि स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळणारा. त्याची पद्धत १९६० ला अमेरिकेच्या चेस फेडरेशनने आणि १९७० ला फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने घेतली, आज गुकेशचं जे रेटिंग तुम्ही वाचता ते यातूनच येतं. फिफाने महिलांच्या रँकिंगसाठी २००३ ला आणि पुरुषांसाठी २०१८ ला याच धर्तीचं गणित घेतलं. (आयसीसीचं क्रिकेट रँकिंग एलो नाही, पण समोरची टीम किती तगडी होती हे त्यातही धरतात.)

एलोचं म्हणणं असं की जिंकलात म्हणून मार्क नाहीत, मार्क आश्चर्याला आहेत. मॅचच्या आधी दोघांच्या रेटिंगवरून कोण जिंकायची किती शक्यता ते काढायचं आणि मॅच झाली की प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांच्यात जेवढं अंतर पडलं त्या प्रमाणात पॉइंट हरलेल्याकडून काढून जिंकलेल्याला द्यायचे. फॉर्म्युला दहावीच्या गणिताइतकाच आहे. रेटिंगमधला फरक ४०० ने भागा, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा, आणि १ ला त्या उत्तराने भागा, ही झाली खालच्या रेटिंगवाल्याची जिंकायची शक्यता. फरक २०० असेल तर १० चा अर्धा घात, म्हणजे वर्गमूळ, ३.१६, त्यात १ मिळवून ४.१६, आणि १ भागिले ४.१६ म्हणजे ०.२४. वरच्याची शक्यता ०.७६. आपले मघाचे ७६ टक्के ते हेच.

आमच्या क्लबहाऊसमध्ये कॅरमसाठी हे रेटिंग चालवतो, कागद भिंतीवर लावलेला आहे. नवीन माणूस १५०० पासून सुरू करतो आणि एका मॅचला जास्तीत जास्त ३२ पॉइंट पणाला असतात, या ३२ ला के म्हणतात. आठवीतली एक मुलगी नवीन आली, १५०० वर, आणि समोर आमचे १७०० वाले काका. शेवटच्या बोर्डाला तिने क्वीन घेतली, कव्हर अगदी कडेला चिकटलेली सोंगटी होती, तीही थर्डने काढली आणि मॅच तिची. ०.७६ गुणिले ३२, तिला २४ पॉइंट, काकांचे २४ गेले. काका म्हणाले, "एका मॅचचे एवढे? मी जिंकलो असतो तर?" तर त्यांना फक्त ८ मिळाले असते, कारण ते जिंकणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

आता यातली खरी गंमत, इथे जरा सावकाश वाचा. समजा ती मुलगी खरंतर काकांच्याच तोडीची आहे, म्हणजे अर्ध्या मॅच ती जिंकणार, अर्ध्या काका. पण कागदावर ती २०० ने मागे आहे. ती जिंकली की अधिक २४, हरली की वजा ८, म्हणजे दर मॅचला सरासरी ८ पॉइंटने ती वर सरकत राहणार. जसजशी वर जाईल तसं जिंकण्याचं बक्षीस कमी आणि हरण्याचा दंड जास्त होत जाणार, आणि दोघांचं रेटिंग सारखं झालं की दोन्ही १६-१६, सरकणं थांबलं. कोणी तिला सांगितलं नाही की तू एवढी भारी आहेस, कोणी परीक्षक बसवला नाही, चुकीचा आकडा आपोआप खऱ्या ताकदीकडे ओढला गेला! नुसत्या जिंकलं-हरलंवरून दडलेली ताकद बाहेर काढणारं एवढं सोपं यंत्र मला दुसरं माहीत नाही.

आता हेच २०२३ ला लावू. मी इथे सोयीसाठी धरतोय की समोरची प्रत्येक टीम सुरुवातीला भारताच्या २०० ने खाली होती. पहिल्या विजयाला ७.७ मिळाले, आपलं रेटिंग वाढलं म्हणून दुसऱ्याला ७.४, असं कमी होत होत दहा विजयांचे मिळून ६७. फायनल हरल्यावर २६ गेले. शिल्लक अधिक ४१. म्हणजे हरूनसुद्धा ती टीम स्पर्धेआधीपेक्षा बरीच वर आली, माती खाल्ली म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. आणि मुलींचं काय? ऑस्ट्रेलिया २०० ने वर होती असं धरलं तर त्या एका सेमीचेच २४. तीन पराभवांनी जे घालवलं त्यातलं बरंचसं एका रात्रीत वसूल, कारण ज्यांना कोणी हरवत नव्हतं त्यांना हरवलं. याला फ्लूक म्हणायचं असेल तर ८३ लाही म्हणावं लागेल, तेव्हाही ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियाने १६२ रनांनी आणि वेस्ट इंडिजने ६६ रनांनी आपल्याला हरवलं होतं.

मॅचच्या दिवशी टीव्हीवर ज्योतिषी बसवतात त्याबद्दलही बोललंच पाहिजे. २०१० ला फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये पॉल नावाच्या ऑक्टोपसचे आठच्या आठ अंदाज बरोबर आले. नाणं उडवून तसं व्हायची शक्यता २५६ त १, पण जगभर किती प्राणी आणि किती बाबा अंदाज सांगत होते आणि चुकलेल्यांची बातमी किती झाली ते बघा. एलो "भारतच जिंकणार" म्हणत नाही, ७६ टक्के म्हणतं, आणि ते तपासता येतं. ज्या ज्या मॅचना ७६ टक्के सांगितलं त्या सगळ्या गोळा करा, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश खऱ्या ठरल्या पाहिजेत, नाही ठरल्या तर मॉडेल चुकीचं. टीव्हीवरच्या ज्योतिषाची अशी परीक्षा कोणी घेत नाही. सेमीला सोफ्यावरून न उठल्याने जेमिमाचं शतक झालं असं मनापासून मानणारे आमच्या घरातही आहेत, पण तो बॉल तुमच्या सोफ्याला ओळखत नाही.

मग वेगवेगळ्या काळातल्या टीम एलोवर ठेवून बघता येतील का? सरळ नाही. इथे दोघांचा के सारखा असेल तर मॅचमधून पॉइंट नवीन तयार होत नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे रेटिंग फक्त एकमेकांशी खेळणाऱ्यांमध्येच अर्थ देतं. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला हॉकीत तीनच टीम होत्या, भारत, जपान आणि अमेरिका. आपण अमेरिकेला २४-१ ने हरवलं, एकट्या रूपसिंगचे १० गोल. पण साधं एलो गोल मोजत नाही, आणि जिंकणारच होतो म्हटल्यावर पॉइंट जवळपास शून्य. मग विचारायचं काय, तर आपल्या काळातल्या बाकीच्यांच्या किती पुढे होते आणि किती वर्षं पुढे राहिले.

सातत्याला किती भाव आहे ते आपल्या मुंबईच्या रणजी टीमवरून कळतं. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ वेळा चॅम्पियन. दर सीझनला जिंकायची शक्यता ८० टक्के धरली तरी सलग १५ जिंकायची शक्यता साडेतीन टक्के येते. ती ५० टक्के तरी यायची तर दर सीझनला ९५ टक्क्यांच्या वर पाहिजे!

देशाच्या टीममध्ये माझं मत हॉकीला, पण वरच्या मजल्यावरच्या काकांच्या लाडक्या १९३६ च्या ध्यानचंदच्या टीमला नाही, १९४८ ते ५६ च्या टीमला. १९४८ ला वेम्बलीवर फायनलमध्ये ब्रिटनला ४-०, १९५२ ला नेदरलँड्सला ६-१ आणि त्यात बलबीर सिंगचे ५ गोल, १९५६ ला मेलबर्नला अख्ख्या स्पर्धेत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. फाळणीने निम्मी ताकद पलीकडे गेलेली, फायनलला समोर तोच पाकिस्तान, आणि १-० ने जिंकले. एलोच्या भाषेत हा १-० त्या २४-१ पेक्षा कितीतरी महाग आहे. काकांना हे पटत नाही, त्यांचा मुद्दा असा की ध्यानचंदच्या टीमसमोर तगडं कोणी नव्हतं हा काही ध्यानचंदचा दोष नाही, आणि या मुद्द्याला एलोकडे खरंच उत्तर नाही.

सोसायटीत कॅरम, टेबल टेनिस, काहीही चालत असेल तर एक एक्सेल शीट करून बघा. सगळ्यांना १५०० द्या, नवीन खेळाडूला के ४० ठेवा म्हणजे तो लवकर आपल्या जागेवर पोचेल, मुरलेल्यांना २०. फिडेही साधारण असंच करते, फक्त २४०० पार केलेल्यांना १० ठेवते. पहिले काही आठवडे आकडे वेड्यासारखे उड्या मारतील, तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून हाताने दुरुस्ती करू नका, मॅच होऊ द्या.