वेबसाइटवरच्या बिलात एक पैसा इकडे-तिकडे का होतो?

ऑनलाइन ऑर्डरी घेणारे दुकानदार आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांना हमखास विचारतात, की साइटवरची बेरीज दुकानातल्या बिलाशी एका पैशाने का जुळत नाही.

पानावरचा हिशेब जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत होतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी तिचा पहिला नमुना १० दिवसांत तयार केला, म्हणून या भाषेला नावे ठेवणारे पुष्कळ. इथे मात्र तिची चूक नाही; जावा आणि पायथन या भाषांमध्येही नेहमीचे अपूर्णांक असेच साठतात. संगणक मोजतो बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. त्यामुळे ०.१ अधिक ०.२ याचे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते.

२०.१० रुपयांच्या वस्तूवर ५ टक्के जीएसटी म्हणजे १.००५ रुपये. जवळच्या पैशापर्यंत पूर्ण केले (राउंड ऑफ) तर १.०१ व्हायला हवेत. पण आत साठलेला आकडा १.००५ हून केसभर कमी असतो आणि बिलावर १.०० छापून येतो. म्हणून आम्ही भाव रुपयांत ठेवतच नाही, २०१० पैसे असे पूर्णांकात ठेवतो. कर १००.५ पैसे येतो, त्याचे बिनचूक १०१ होतात. रेझरपेसारखे पेमेंट गेटवेही (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवा) रक्कम पैशांतच मागतात. (या पद्धतीत सुमारे ९० लाख कोटी रुपयांपर्यंत हिशेब अचूक राहतो. तेवढी उलाढाल झाली की भेटून बोलू!)

गिऱ्हाइकाने टाइप केलेले आकडे हा आणखी एक घोळ. ब्राउझरच्या लेखी तो नुसता मजकूर असतो. १०० आणि ५० तसेच जोडले तर १००५० होतात. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे आले तर जावास्क्रिप्ट त्यांना संख्याच मानत नाही. ते आम्ही आधी बदलून घेतो. ‘फक्त इंग्रजी आकडे टाका’ अशी पाटी मराठी दुकानाच्या साइटवर आम्हाला पटत नाही.

पानावर दिसणारी बेरीज गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर होते आणि थोडी जाण असलेला कोणीही ती बदलू शकतो. म्हणून शेवटचे बिल सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकावर, तुम्ही दिलेल्या भावांवरूनच बनते.

काम सुरू होण्याआधी तुमच्या सीएंना एक गोष्ट विचारून ठेवा: कर प्रत्येक वस्तूवर पूर्ण करायचा की एकूण रकमेवर? दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जे चालते तेच साइटवर ठेवू. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले तरी चालेल.