कट्टकन मोडणारी काकडी

पहिल्यांदा हा काकडीच्या लोणच्याचा उद्योग मी एप्रिलात केला, तिथेच फसला. दुपारी पारा 43-44 वर. चौथ्या दिवशी बरणी उघडली, काकडी दाबली, तर सालीच्या आत नुसता लगदा. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "अवं, हे तं भरीत झालं!"

शेपू घातलेलं हे आंबट लोणचं पोलंड, युक्रेन, रशियाकडचं. तेल नाही, मोहरी नाही, व्हिनेगरही नाही. फक्त मिठाचं पाणी. दह्याला विरजण लागतं, काकडी मात्र ते सालीवरच घेऊन येते. लॅक्टिक आम्ल करणाऱ्या त्या जिवाणूंना मीठ सोसतं, नासवणाऱ्या बऱ्याच जंतूंना सोसत नाही. काकडीतली साखर खाऊन ते पाणी आंबट करतात.

आंबट होणं सोपं, कुरकुरीत राहणं अवघड. काकडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. पेरूची जेली थिजते ती त्याच्यामुळेच. ते तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बुरशीत असतात, आणि बुरशीची आवडती जागा म्हणजे काकडीचं फुलाकडचं टोक. वाळलेलं फूल तिथेच चिकटलेलं असतं ना! म्हणून त्या टोकाची दोनेक मिलिमीटरची चकती उडवायचीच. उष्ण हवेत विकरांचा जोर वाढतो. 27 अंशांच्या वर काकडी मऊ पडायला लागते, 20 ते 24 अंश बरे. आपल्याकडे म्हणजे डिसेंबर-जानेवारी. शेपूही तेव्हाच बाजारात हिरवागार असतो.

आता कॅल्शियम. आमच्या बोअरचं पाणी जड, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कारण पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम टाके घालतं. डाळीला नडतं तेच काकडीला फायद्याचं. पेठ्यासाठी कोहळं चुन्याच्या पाण्यात ठेवतात ते याचसाठी. पण म्हणून बरणीत चुना टाकू नका. चुना आम्ल मारतो, आणि पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली उतरला तरच हे लोणचं सुरक्षित. फार जड पाणीही आम्ल खातं. ते उकळून, रात्रभर निवळून वरचं घ्यावं. तिकडे द्राक्षाची किंवा ओकची पानंही घालतात, कारण त्यांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, विकरांना आवरतं.

लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, अंगठ्याएवढ्या कोवळ्या काकड्या, लसूण, शेपूचे तुरे. तुरे नसतील तर चमचाभर बाळंतशोपा. शेपूचंच बी ते. काकड्या पाण्याखाली बुडलेल्या हव्यात, मी वर काचेची वाटी दाबते. झाकण सैल ठेवायचं, गॅस निघतो. पाणी गढुळलं तर घाबरायचं नाही. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाकायचा. पण काकडी बुळबुळीत झाली किंवा कुजका वास आला तर सगळी बरणी उकिरड्यावर.

जानेवारीतली बरणी तीन आठवड्यांनी उघडली. सासूबाईंनी आधी वास घेतला. "बाळंतशोपा? इथं बाळंतीण कोन हाये?" मग एक काकडी मोडली. कट्ट.