स्वरलेखन-संग्रहांचे अंकीकरण (बडोदे)

बंदिशी (रागात बांधलेल्या गीतरचना), सरगमगीते व ठेके (तालांचे बोल) लिहिलेली जुनी छापील पुस्तके आणि हस्तलिखित वह्या यांच्या अंकीय प्रतिमा घेऊन, त्यांची सूची करून त्या जालावर खुल्या करणे. मूळ कागदाची हाताळणी त्यामुळे कमी होते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने संगीतज्ञ मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली व स्वतःच्या स्वरलिपीत (स्वर लिहिण्याच्या पद्धतीत) पाठ्यपुस्तके तयार केली. सुरसागराकाठची ही शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली गेली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही १९१६ मध्ये येथेच भरली.

आधुनिक स्वरलिपीचा अग्रमान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. बंगालमधील क्षेत्रमोहन गोस्वामी यांची दंडमात्रिक (उभ्या रेघांनी मात्रा दाखवणारी) पद्धती काहीशी आधीची असावी. मौलाबक्षांच्या लिपीवर पाश्चात्त्य नोटेशनचा प्रभाव कितपत, हाही वादाचा विषय आहे. मात्र स्वरांची आद्याक्षरे संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) आहेतच. मंद्रासाठी (खालच्या सप्तकासाठी) अक्षराच्या डोक्यावर बिंदू व तारासाठी (वरच्या सप्तकासाठी) उभी रेघ, या खुणाही त्या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याने सांगितल्या आहेत. तेव्हा एकोणिसाव्या शतकातले नवेपण मुख्यतः कालमापनाच्या खुणांत शोधावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोणती खूण कोणत्या पद्धतीतली, हा प्रश्न अंकीकरणात प्रत्यक्ष उभा राहतो. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र दाखवतो, तर भातखंडे पद्धतीत तोच तार सप्तकाचा. शून्य एकीकडे अर्धी मात्रा (मात्रा म्हणजे तालातील कालमापनाचे एकक), दुसरीकडे खाली (तालातील टाळी नसलेली जागा). म्हणून कोणती पद्धती हे सूचीत नोंदवले नाही, तर प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी पाठ चुकतो.

यमनातला ‘नि रे ग’ हा उठाव घ्या. भातखंडे पद्धतीत ‘नि’खाली बिंदू असतो. स्कॅन निव्वळ काळा-पांढरा केला की हा बिंदू धुळीबरोबर पुसला जातो, मंद्र निषाद मध्य सप्तकातला होतो आणि चढता उठाव एकदम खाली कोसळलेला दिसतो. उलट, कागदावरचा तांबूस ठिपका किंवा कसरीचे भोक सप्तकाची खूण होऊन बसते. जाणता गायक हे ओळखेल. शिकणाऱ्याला कसे कळावे? त्याच्यासाठीच तर हा खटाटोप आहे. म्हणून मूळ प्रतिमा रंगीत किंवा करड्या छटांत, इंचाला ४०० ते ६०० बिंदू घेऊन, टिफसारख्या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात जपावी. जालावरची हलकी प्रत तिच्यावरून काढावी. घट्ट शिवणीची वही काचेखाली दाबू नये; तिरप्या आधारांवर अर्धवट उघडी ठेवून वरून टिपावी. प्रत्येक ओळीतील मात्रा मोजणे ही साधी पण खात्रीची तपासणी होय. तीनतालाच्या आवर्तनात पंधराच भरल्या, तर सोळावी बहुधा शिवणीत गेलेली असते.

प्रतिमेतील देवनागरी अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली या खुणांपुढे अडखळते. हाताने टंकित करताना कोमल स्वराखालील आडव्या रेघेसाठी युनिकोडमधील अनुदात्ताचे आणि तीव्र मध्यमावरील उभ्या रेघेसाठी उदात्ताचे चिन्ह काही जण वापरतात. ही चिन्हे वेदपाठासाठी आहेत. उभी रेघ तर ऋग्वेदाच्या पोथ्यांत स्वरिताची असते. दिसायला जुळले तरी शोध घेताना घोटाळा होतो.

सूचीत राग, ताल, मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा), आवृत्ती आणि मुद्रा (रचनाकाराने बंदिशीत गुंफलेले टोपणनाव) यावी. बडोदे दरबारचे गायक फैयाज खाँ यांच्या बंदिशींत ‘प्रेमपिया’ ही मुद्रा येते. श्रीकृष्ण रातंजनकर त्यांच्याकडे बडोद्यात शिकले. अशा परंपरेतील कागदी पाठ जुन्या ध्वनिमुद्रिकांशी जोडता येतात, आणि कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) व मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) यांचे लेखन कुठे अपुरे पडते ते तिथे नेमके ऐकू येते.