नीळ
नीळ हे गडद निळे रंजकद्रव्य आहे. तिच्यातील मुख्य घटक इंडिगोटिन. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ निराळी. ती बहुधा अल्ट्रामरीन नावाचे वेगळेच निळे द्रव्य असते.

खरी नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके धरून असतात की पाण्याला आत शिरकावच मिळत नाही. रंगाऱ्याची अडचण हीच आणि रंगाचा पक्केपणाही यातच: विरघळत नाही म्हणून ती सुतात शिरत नाही, पण एकदा शिरली की पाण्याने निघतही नाही.

निळीच्या झाडाच्या पानांत नीळ तयार नसते. असते ते इंडिकन नावाचे संयुग, तेही रंगहीन. पाने भिजत घातली की विकरांमुळे (एन्झाइमांमुळे) इंडिकनपासून ग्लुकोज आणि इंडॉक्सिल सुटे होतात. ते पाणी घुसळून त्यात हवा खेळवली की इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन निळा गाळ खाली बसतो.

रंगवताना या गाळाचे अल्कधर्मी पाण्यात क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतात. पूर्वी हे काम आंबवणीतले जीवाणू करत, आता सोडियम डायथायोनाइट हे रसायन करते. यातून होणारी ‘ल्यूको’ नीळ विद्राव्य असते आणि निळी मुळीच नसते. चांगल्या कुंडातले, म्हणजे रंगवण्याच्या टाकीतले, पाणी पिवळसर हिरवे दिसते, वर तांब्यासारखी चकाकणारी साय असते. पाणीच निळे दिसू लागले तर कुंड बिघडले समजावे. बाहेर काढलेले कापड आधी पिवळट, मग हिरवे आणि हवा लागून काही मिनिटांत निळे होते. रंग धाग्याला धरून ठेवणारे तुरटीसारखे रंगबंधक लागत नाही. गडद छटेसाठी मात्र पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. जीन्सच्या सुतात नीळ गाभ्यापर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून ती विटते असे म्हणण्यापेक्षा झिजते म्हणणे योग्य.

द्रावणातील नीळ ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश शोषते. तापवली तर तिची थेट वाफ होते, आणि ती वाफ निळी नसून तांबूस जांभळी असते. रेणू तोच, पण सुटा झाला की त्याचे शोषण कमी तरंगलांबीकडे सरकते.

१८४० मध्ये रसायनज्ञ फ्रित्शे यांनी नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून एक तेलकट द्रव मिळवला. निळीच्या ‘अनिल’ या पोर्तुगीज नावावरून त्याला अॅनिलीन म्हटले गेले. तो शब्द अरबीमार्गे संस्कृत ‘नील’पर्यंत मागे जातो. पुढे १८९० मध्ये रसायनज्ञ कार्ल हॉयमन यांनी अॅनिलीनपासूनच नीळ बनवली, हा योग मोठा गमतीचा. निळीची रेणुरचना जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८८३ मध्ये मांडली होती. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने कृत्रिम नीळ विक्रीस आणली आणि पहिल्या महायुद्धाच्या आतच शेतातल्या निळीचा बाजार उठला.

निळीच्या रेणूवर ब्रोमीनचे दोन अणू बसवले की प्राचीन भूमध्यसागरी जांभळा रंग मिळतो. १९०९ मध्ये रसायनज्ञ फ्रीडलेंडर यांना त्याच्या १.४ ग्रॅमसाठी १२,००० समुद्री गोगलगायी लागल्या. निळीवर संहत (तीव्र) सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करून मिळणारे इंडिगो कार्माइन मात्र पाण्यात सहज विरघळते. ते ग्लुकोज आणि दाहक सोड्याबरोबर बाटलीत भरून ठेवले की पिवळे होते, हलके हलवून हवा मिसळल्यास लाल आणि जोरात हलवल्यास हिरवे. बाटली स्थिर ठेवली की हेच रंग उलट क्रमाने परततात, ग्लुकोज संपेपर्यंत.