२१ दिवसांत सवय लागते, हे खरे नाही

‘सलग २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते खरे नाही. आणि त्यापायी कितीतरी माणसे बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्याने काही होणार नाही’ म्हणून प्रयत्न सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० साली एका पुस्तकात नोंदवले. पुढे तोंडोतोंडी त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट व्यायामाला, वाचनाला, अगदी व्यसन सोडण्यालाही चिकटली.

प्रत्यक्ष मोजमाप बऱ्याच वर्षांनी झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक नवी कृती १२ आठवडे रोज करायला सांगितली. ती आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागतात, असे दिसले; कुणाला १८, तर कुणाला थेट २५४. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे त्यापुढचे आकडे हा गणिताने काढलेला अंदाज.) पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

याच अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते: मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय रुजण्यात फारसा फरक पडला नाही.