मुंबई: आंदण वेगळं, खंड वेगळा

फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून कुणीतरी हमखास सांगतं, ‘पोर्तुगिजांनी ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई हुंड्यात दिली.’ या एका वाक्यात आंदण आणि खंड (म्हणजे वार्षिक भाडं) या दोन व्यवहारांची सरमिसळ झाली आहे आणि मधली सात वर्षं गळून गेली आहेत. मला ती फार मोलाची वाटतात.

आंदण मिळालं ते इंग्लंडच्या राजाला. २३ जून १६६१ च्या तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या लग्नानिमित्त मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला देण्याचं ठरलं. कंपनीचा त्यात काही हक्क नव्हता. पोर्तुगिजांचा हिशेब साधा होता: डचांशी लढताना इंग्रजांचं आरमार पाठीशी हवं.

पण गोव्याचा व्हाइसरॉय बेट सोडेना. राजाने ताबा घ्यायला पाठवलेल्या अब्राहम शिपमनचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत बसले आणि रोगराईने शेकड्यांनी मेले. १६६४ मध्ये शिपमनही गेला. लग्नाच्या करारातल्या एका ओळीपायी तिथे गेलेली ही माणसं आपल्या आठवणीत कुठेच नाहीत. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने ताबा घेतला, तो वैद्य गार्सिया द ओर्ताच्या जुन्या वाड्यात. ती जागा टाऊन हॉलच्या मागेच, आजच्या आयएनएस आंग्रे या नौदलाच्या तळाच्या आवारात आहे.

खंडाची गोष्ट इथून पुढची. बेटाचा खर्च राजाला झेपेना, म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते कंपनीला दिलं. वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. त्याच सप्टेंबरमध्ये ताबाही बदलला. आपण ज्याला कंपनीची मुंबई म्हणतो ती या सनदेतून आली, लग्नातून नव्हे.

आणखी एक. वांद्रे, अंधेरी, बोरिवली यांतलं काहीही ना आंदणात होतं, ना खंडात. हा सगळा साष्टीचा, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाचा, मुलूख पोर्तुगिजांकडेच राहिला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला लढून घेतला, तेव्हा त्यांच्या हाती गेला.